कर वाचवायला निघालेले घर

मी एक जुने तरंगते घर आहे. मित्रांनो, तुमच्या घरांखाली दगडमातीचा पाया असेल. माझ्याखाली लाकडाचे ओंडके आहेत आणि ओंडक्यांखाली कोलंबिया नदी. घराला सहसा प्रवास ठाऊक नसतो. ते जिथे जन्मते तिथेच म्हातारे होते. माझ्या नशिबी मात्र एक प्रवास होता. तो जेमतेम दोन-तीन तासांचा व्हायचा होता. त्यात मला एक राज्य सोडून दुसऱ्यात जायचे होते. पण मध्येच असे काही घडले, की मी नक्की कोणत्या राज्यातले हे खुद्द माझ्या मालकालाही सांगता येईना. तीच हकिकत मी आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म नदीच्या दक्षिण काठावर, ऑरेगन राज्यात झाला. आर्वो निएमेला नावाचा एक फिन्निश वंशाचा माणूस तिथल्या लाकडाच्या गिरणीत कामाला होता. हिल्माशी त्याचे लग्न ठरले, तेव्हा त्याच्याजवळ जमीन घेण्याइतकी ऐपत नव्हती. पण गिरणीतले लोक त्याला मानत आणि लाकडाची पारख त्याच्याइतकी कुणाला नव्हती. त्याने देवदाराचे असे ओंडके निवडले की एकाला कवेत घ्यायला दोन माणसे लागत. ते साखळ्यांनी एकमेकांना जखडून त्याने तराफा केला, त्यावर तुळया ठोकल्या आणि तुळयांवर मला उभे केले. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, कोपऱ्यात लोखंडी चूल आणि नदीकडे उघडणारी मोठी खिडकी. हिल्मा पहिल्यांदा आत आली तेव्हा मी थोडे हलले. ती म्हणाली, हे घर तर मान डोलावून स्वागत करते आहे. मला आजवर मिळालेली ती पहिली शाबासकी.

आमची अशी घरांची एक ओळच होती. सगळ्यांच्या पुढून फळ्यांची एक लांब वाट जाई. कुणाच्या घरी मासा तळला की तो कुणी तळला हे ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत कळे. आर्वोची मुलगी आयली माझ्यातच वाढली. चालायला लागली तशी हिल्माने तिच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरे टोक दाराच्या कडीला. ती दिवसातून एकदा तरी पाण्यात पडे आणि दोरीने वर ओढली जाई. पुढे तिला पोहता यायला लागले, दोरी सुटली, पण दारातून थेट नदीत उडी मारायची सवय काही सुटली नाही.

आयलीचे लग्न रॉइस टॉलिव्हरशी झाले. तो तिथल्या सरकारी शाळेत सुतारकाम शिकवायचा. उंच, सडपातळ, आणि सतत कानामागे पेन्सिल. आर्वो आणि हिल्मा थकल्यावर हे दोघेच माझे मालक झाले. रॉइसने माझ्या खिडक्या नव्या केल्या, पायऱ्या केल्या आणि शेजारीण नॅडीन कोवाल्के हिच्या स्वयंपाकघरापासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत एक दोरी ताणून तिला कप्पीवर टोपली लावून दिली. आयली आईसारखाच वेलदोड्याचा गोड पाव भाजायची. तो टोपलीतून नॅडीनकडे जायचा आणि त्याच टोपलीतून तिकडची बोरे, अंडी आणि गावातल्या बातम्या यायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते. लोक होड्या थांबवून माझे फोटो काढत.

या सुखात एकच खडा होता, आणि तो दर वर्षी एप्रिल महिन्यात दाताखाली येई. तो म्हणजे कर.

तसा देशाचा कर सगळ्यांना सारखा. त्याबद्दल रॉइसची तक्रार नव्हती. पण आमच्या देशात प्रत्येक राज्य आपला वेगळा कर बसवते, आणि तो कसा बसवायचा हे ते राज्यच ठरवते. आमच्या दक्षिण काठावर मिळकतीच्या बऱ्याचशा भागावर शंभराला जवळजवळ नऊ राज्याला द्यावे लागत. समोरच्या काठावर, वॉशिंग्टन राज्यात, पगारावर असा कर मुळी नव्हताच. माझ्या खिडकीतून तो काठ दिसे. रॉइस सकाळी कॉफीचा कप घेऊन त्या खिडकीत उभा राही आणि शेजारच्या ताटातल्या मोठ्या लाडवाकडे बघावे तसा तिकडे बघत राही.

त्यातून भर घालायला क्लेम हॅव्हर्टी होता. क्लेम हा रॉइसचा लहानपणापासूनचा मित्र, उत्तर काठावरचा मासेमार. कुठलीही मोठी वस्तू घ्यायची झाली की तो आपली होडी घेऊन आमच्या काठाला येई. कारण आमच्याकडे मिळकतीवर कर, पण विकत घेण्यावर नाही. त्याच्याकडे मिळकतीवर नाही, पण दुकानात वस्तू घेतली की शंभराला आठ. एकदा त्याने अख्खा फ्रीज होडीतून नेला. नियमाने त्याने घरी जाऊन त्यावरचा कर भरायचा असतो, पण ही गोष्ट क्लेमच्या कधी लक्षात राहत नसे. जाताना तो आमच्या दाराशी होडी लावून हाक मारी.

"काय मास्तर, भरला का यंदाचा?"

"भरला. तुझा फ्रीज कर न भरता न्यायला बरा पडतो रे तुला."

"मग तू ये की तिकडं. कमवायचं इकडं नि घ्यायचंही इकडंच, हा मूर्खपणा तुझा."

आयली आतून म्हणे, की दोघांचे भांडून झाले असेल तर पाव खायला या. मग दोघे खायला येत.

एका वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला माझ्यात इतकी माणसे जमली की मी पाण्यात वीतभर खाली गेले. आयलीचा भाऊ टोइव्हो कॅलिफोर्नियातून आला होता, रॉइसची बहीण वांडा आणि तिचा आडदांड नवरा टेक्ससहून आले होते. क्लेम आणि त्याची बायको लोर्ना होती, आणि नॅडीन तर होतीच. टर्की कापता कापता रॉइसने विषय काढला, आणि मग काय विचारता! टोइव्हो म्हणाला, आमच्याकडे कराचा जिनाच आहे, जितके वर चढाल तितकी पुढची पायरी उंच. वरच्या पायऱ्यांवरचे लोक शंभराला दहाच्याही वर देतात. आपण खालीच बसलोय म्हणून बरे. नॅडीनने सांगितले, की तिच्या बहिणीकडे पेनसिल्व्हेनियात जिना वगैरे काही नाही, कारखान्याचा मालक असो की झाडूवाला, सगळ्यांना शंभराला तीनच. वांडाच्या टेक्ससमध्ये मिळकतीवर छदामही नव्हता. रॉइसने तिच्याकडे बघून सुस्कारा सोडला, तशी ती फणकारली.

"सुस्कारे नको सोडूस. आमच्या घरावरचा कर बघ एकदा. घर माझं, आणि वाटतं भाडंही मीच भरतेय."

तरी रॉइसला गंमत सुचली. तो म्हणाला, ज्यांच्या राज्यात पगारावर कर नाही त्यांनी खिडकीकडे बसावे, म्हणजे सुखी माणसे कशी दिसतात ते आम्हांला एका नजरेत दिसेल. क्लेम, लोर्ना, वांडा आणि तिचा नवरा हसत हसत उठून खिडकीकडे गेले. मित्रांनो, मी तरंगते घर आहे. वांडाच्या नवऱ्याचे बूड बाकावर टेकले आणि मी त्या बाजूला कलले. टेबल कलले, ग्रेव्हीचे भांडे घरंगळत निघाले आणि थेट क्लेमच्या मांडीवर उपडे झाले. सगळे पोट धरून हसत होते. आयलीने मात्र क्लेमला फडके दिले आणि एकेकाला दंडाला धरून जागेवर बसवले.

"कर कसाही भरा," ती म्हणाली, "बसताना मात्र सारखे बसा."

ते वाक्य पुढे आमच्या ओळीत म्हणीसारखे झाले.

पण रॉइसच्या डोक्यातून तो काठ गेला नाही. निवृत्त झालो की घर ओढून तिकडे न्यायचे, असे त्याने ठरवून टाकले. पगार ऑरेगनमधल्या शाळेचा होता तोवर तिकडे राहूनही कर चुकला नसता. ऑरेगनमध्ये राहिले तर निवृत्तिवेतनावरही कर होता. पलीकडे राहायला गेले की नाही. आणि इथून माझे वाईट दिवस सुरू झाले. कारण जायचेच आहे म्हटल्यावर माझ्यासाठी काही करणे त्याला जिवावर येऊ लागले. छपरावर शेवाळ धरले, तर तो म्हणे, तिकडे गेल्यावर बघू. रंगाचे पोपडे निघाले, तिकडे गेल्यावर बघू. पूर्वी दर उन्हाळ्यात पाणबुड्या बोलावून माझे ओंडके तपासून घेतले जात, तेही थांबले. मुलांना शिकवताना 'वेळेवर मारलेला एक खिळा' म्हणून जो माणूस तासभर बोलायचा, त्याच्या घराच्या पायरीची फळी दोन वर्षे निखळलेली होती. तो माझ्यात राहत होता, पण मनाने कधीच निघून गेला होता. घराला हे कळते. मला तेव्हा वाटे, एकदा माझी साखळी सुटावी आणि कुठेही वाहत जावे.

रॉइस निवृत्त झाला. क्लेमने आपल्या शेजारची धक्क्यावरची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली. इकडची आमची जागा एका तरुण जोडप्याने मागून घेतली. आयलीने विरोध असा केला नाही. फक्त एका सकाळी, तो खिडकीत कॉफी पीत उभा असताना तिने विचारले:

"तुझा पगार इतकी वर्षं कुठून आला, रॉइस?"

"शाळेतून."

"शाळेला कुणी दिला?"

तिने पुढे सांगितले, की याच काठावरच्या लोकांनी तो कर भरून दिला. नॅडीनने दिला, तिच्या नवऱ्याने दिला. आणि उद्या येणारे निवृत्तिवेतनही त्यांच्याच खिशातून यायचे आहे.

"मीही भरलाच ना तीस वर्षं," रॉइस म्हणाला. "चोरी करतोय का मी? कायद्यात बसतं ते करतोय."

"चोरी कोण म्हणतंय? तू नदीकडं तोंड करून उभा राहतोस आणि माणसांकडं पाठ. मला तेवढंच खुपतं."

ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. कपबशा टॉवेलांत गुंडाळू लागली. टोपलीची दोरी तिने स्वतः सोडवली, आणि पलीकडे खिडकीत नॅडीन उभी होती, तिच्याकडे बघणे टाळले.

निघायच्या आधी पाणबुड्या येऊन गेला. एक ओंडका थकलाय, त्याची साखळी गंजलीय, पण जपून नेले तर पोचेल, असे तो म्हणाला. वसंतातल्या एका लख्ख सकाळी मला ओढून नेणारी टगबोट आली. तिची कॅप्टन टेस ओकरलंड ही बसक्या बांध्याची, कमी बोलणारी बाई होती. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, छपरावरचे शेवाळ बघितले आणि मग रॉइसकडे बघितले. मला फार लाज वाटली. नळ तोडले, वीज तोडली, साखळ्या सोडल्या. ओळीतले सगळे शेजारी फळ्यांच्या वाटेवर उभे होते. नॅडीनने हातातला पुसण्याचा रुमाल हलवला. आयलीने दारात उभे राहून हात वर केला आणि तो खाली घेतलाच नाही, ओळ दिसेनाशी होईपर्यंत.

मित्रांनो, खरे सांगू? दुःख होतेच, पण मजाही वाटत होती. इतकी वर्षे नदी माझ्याखालून जात होती. आज पहिल्यांदा मी नदीवरून जात होते. बगळे माझ्याकडे वळून बघत होते.

नदीच्या मध्यावर आलो आणि एक भलेमोठे धान्याचे जहाज गेले. त्याच्या लाटा येऊन माझ्या कुशीवर आदळल्या. तिसऱ्या लाटेला ती गंजकी साखळी तुटली आणि थकलेला ओंडका माझ्याखालून सटकला. मी एका बाजूला कलले. आत कपाट उघडून पातेली घरंगळू लागली. पाणी उंबऱ्यापर्यंत आले. रॉइस दाराची चौकट धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला कळून चुकले होते, की तो ओंडका तपासायचा राहिला तो कुणामुळे.

कॅप्टन टेसने डोके शांत ठेवले. समुद्राची भरती-ओहोटी आमच्या नदीतही येते, आणि समोर ओहोटीने उघडा पडत चाललेला वाळूचा दांडा होता. तिने दोर आखडून मला अगदी हळूहळू त्या वाळूवर नेऊन टेकवले. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटाला जमीन लागली. थोडे तिरके, पण मी स्थिर उभे राहिले. बुडाले नाही.

टेस वाळूवरून चालत आली. तिने सांगितले, नवीन ओंडका आणि तरंगायला खाली रिकामी पिंपे घातल्याशिवाय हलता येणार नाही, आणि मला उचलण्याएवढे पाणी आता उधाणाच्या भरतीलाच येईल. म्हणजे काही दिवस मुक्काम इथेच.

रॉइसने इकडे तिकडे बघितले. दोन्ही काठ सारखेच लांब होते. मग त्याने विचारले:

"ही वाळू कुठल्या राज्याची?"

टेसने टोपी मागे सारली. नकाशात सरहद्दीची रेघ याच दांड्यावरून जाते, ती म्हणाली. "माझा अंदाज विचाराल तर चूल ऑरेगनमध्ये आणि पलंग वॉशिंग्टनमध्ये."

आयली दारात बसली होती. आधी तिचे खांदे हलले. मला वाटले रडते आहे. पण ती हसत होती. कित्येक आठवड्यांत ती हसली नव्हती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते बघून रॉइसलाही हसू फुटले. तो तिच्याजवळ तिरक्या पायरीवर बसला आणि म्हणाला, की पायरीची ती फळी त्याने कधीच ठोकायला हवी होती.

बातमी दोन्ही काठांवर पोचायला वेळ लागला नाही. उत्तरेकडून क्लेम आणि लोर्ना चार होड्या भरून माणसे आणि रिकामी पिंपे घेऊन आले. दक्षिणेकडून नॅडीन आली, तिच्यामागे आमची सगळी ओळ. क्लेमने माझ्याकडे बघून डोके खाजवले.

"मास्तर, यायचं ते पूर्ण तरी यायचं. अर्ध्यात बसलास. आता अर्धा कर भर."

"तू आधी त्या फ्रीजचा भर," नॅडीन म्हणाली.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत गजबजलेले दिवस होते. पाणी ओसरले की दोन्हीकडची माणसे माझ्याखालची वाळू उपसत आणि पिंपे सरकवत. पाणी चढू लागले की सगळी होड्यांत किंवा माझ्या ओट्यावर चढून बसत आणि खात. लोर्ना भाजलेले सामन मासे आणी, दक्षिणेकडचे बटाटे आणि बोरांची मिठाई आणत, आणि आयली तिरक्या चुलीवर वेलदोड्याचा पाव भाजे. तो एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होई. त्यावरूनही वाद होत, की जाड बाजू कुठल्या राज्याची. उत्तरेकडचे म्हणत, आमच्याकडे या, पगाराला कुणी हात लावत नाही. दक्षिणेकडचे म्हणत, तुमच्याकडे चमचा घ्यायचा तरी कर, आणि गरिबाच्या चमच्यालाही तेवढाच. मग एखादा म्हणे, आधी ते फावडे इकडे दे. आणि दोन्हीकडचे फावडे हाणू लागत.

ओंडका क्लेमने मिळवला. पुरात वाहून आलेला जुना देवदार त्याने किनाऱ्यावरून ओढून आणला. साखळी आणली रमोनाने. ती दक्षिणेकडच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डिंग करायची आणि कधीकाळी रॉइसच्या वर्गात होती. रॉइस घाईघाईने साखळी आवळू लागला, तशी ती चिखलात गुडघ्यावर बसूनच म्हणाली:

"सर, एवढी घट्ट नको. लाकूड फुगतं, त्याला जागा ठेवा, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"तुझ्या लक्षात आहे?"

"तुमच्या वर्गातलं सगळं लक्षात आहे. बाकीच्या तासांचं विचारू नका."

रॉइसने हातातली साखळी सैल केली. माझ्याखाली, चिखलात, त्याच्या चेहऱ्यावर काय आले ते फक्त मी बघितले. पेन्सिल कानामागून काढून त्याने उगाचच परत खोचली.

उधाणाच्या दिवशी दोन्हीकडची माणसे होड्या घेऊन माझ्याभोवती गोल करून थांबली. पाणी चढत चढत उंबऱ्याखाली आले. आधी माझा एक कोपरा हलला, मग दुसरा. आणि एकदम, कुणी लहान मूल अलगद कडेवर घ्यावे तसे मी उचलले गेले. तरंगले. सरळ. लोकांनी होड्यांचे भोंगे वाजवले, आणि नव्या ओंडक्यावर माझे वजन येताच मला असे हायसे वाटले की सांगता येत नाही.

टेसने दोर लावला आणि विचारले, "कुठं नेऊ?"

रॉइसने आयलीकडे बघितले, नॅडीनकडे बघितले, चिखलाने माखलेल्या रमोनाकडे बघितले.

"परत. दक्षिणेला," तो म्हणाला.

"उत्तरेला," आयली म्हणाली.

टेसने इंजिन मंद केले. म्हणाली, तुमचे ठरेपर्यंत थांबते, पण भरती थांबणार नाही.

रॉइस गोंधळला. तो म्हणाला, की तो हे तिच्यासाठीच करतो आहे, तिलाच जायचे नव्हते ना? आयलीने पदर खोचून भांडणाऱ्या बाईसारखे दोन्ही हात कमरेवर ठेवले. ती म्हणाली, आपल्या जुन्या जागेवर आता ते तरुण जोडपे येणार, त्यांना शब्द दिलाय, तो मोडायचा नाही. लोर्नाला पाव शिकवायचे कबूल केले आहे. आणि नॅडीन होडीने येऊ शकते, हे आता साऱ्या नदीने बघितले आहे.

"मला नव्या काठाचं वावडं नव्हतं, रॉइस. पाठ फिरवून जायचं नव्हतं मला. आता सगळ्यांकडं तोंड करून जाऊ. पण एक अट आहे."

"कुठली?"

"कराचे जे वाचतील, त्यातून दरवर्षी तुझ्या जुन्या शाळेच्या सुतारकामाला लाकूड द्यायचं. चांगलं, गाठी नसलेलं."

रॉइसने हिशेब केल्यासारखे आकाशाकडे बघितले. "म्हणजे कर भरल्यासारखंच झालं की."

"नाही," क्लेम आपल्या होडीतून म्हणाला. "या वेळी सरकारनं मागितलेला नाही."

रॉइसने टेसला हाताने उत्तर दिशा दाखवली.

तर असे मी वॉशिंग्टन राज्यात आले. पहिल्याच आठवड्यात रॉइसने छप्पर घासले, पायरीची फळी ठोकली आणि पाणबुड्या बोलावला. खिळे आणायला तो गावात गेला तेव्हा पावतीवरचा विक्रीकर वाचत दुकानाच्या दारात इतका वेळ उभा राहिला, की क्लेमने जाऊन त्याला घरी आणले. दर रविवारी नॅडीन येई किंवा हे दोघे तिकडे जात. होडीच्या तेलात किती जातात हे रॉइसने एकदाच मोजले आणि परत मोजायचे नाही असे ठरवले. शाळेला लाकूड मात्र एकही वर्ष चुकले नाही. उन्हाळ्याअखेरीस पाणी उतरले की दोन्ही काठांचे लोक त्या वाळूच्या दांड्यावर टेबले मांडतात आणि एकत्र जेवतात. टेबल रेघेवर आडवे मांडायचे, असा रिवाज पडला आहे. आणि या काठावर माझे तोंड फिरले, त्यामुळे माझ्या मोठ्या खिडकीत आता सूर्यास्त येत नाही, सूर्योदय येतो. आयलीला तो जास्त आवडला.

मित्रांनो, रॉइस आता नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला, शांतपणे, माझ्यातच. आयलीने सत्तरी ओलांडली आहे. तिचे गुडघे आता होडीत चढू देत नाहीत. येत्या शरद ऋतूत ती दक्षिण काठावर, जमिनीवरच्या एका इमारतीत, नॅडीनच्या शेजारच्या खोल्यांत राहायला जाणार आहे. माझ्यात कोण येणार तेही ठरले आहे. दोन लहान मुलींचे एक कुटुंब आहे. मुली येऊन बघून गेल्या, आणि धाकटीने दारातून नदीत उडी मारता येते का हे सगळ्यांत आधी विचारले.

आज सकाळी ऊन पडल्यावर आयली स्टूल घेऊन बाहेर आली आणि तिने माझे दार रंगवायला घेतले. लाल रंग, चांगल्या जातीचा. क्लेम होडीतून जात होता, तो थांबला. तो आता काठी टेकत चालतो, जरा वाकलाही आहे, पण जीभ पूर्वीचीच आहे.

"अगं, महिन्याभरात चाललीस तू. तिकडं गेलीस की परत मिळकतीचा कर भरशील, इथं रंगाचा विक्रीकर भरलास. तुझ्याइतकं तोट्यात जाणारं माणूस साऱ्या देशात नसेल."

"भरीन की," आयली म्हणाली. "तिथल्या खिडकीतून नदी दिसते."

"आणि हे दार? ते आता दुसऱ्याचं होणार."

"महिन्याभरात होईल," ती म्हणाली, आणि कुंचला रंगात बुडवून तिने चौकटीची खालची कड रंगवायला घेतली, जी सहसा कुणाला दिसत नाही. "तोवर माझं आहे."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. तुम्ही आज ज्या घरात, ज्या गावात, ज्या काठावर आहात, तो कदाचित उद्या सोडाल. खुशाल सोडा. जग मोठे आहे आणि दुसरा काठही चांगला असतो. पण निघायचे ठरले म्हणून आधीच हात काढून घेऊ नका. ज्या दिवशी जाल, त्या दिवशी सकाळपर्यंत ते तुमचेच असते.

रंग अजून ओला आहे. आलात तर दाराला हात लावू नका. खिडकीतून हाक मारा.